आत्याचा चौकोन

आमच्या वाडीत आजाराला नाव नसायचं, पत्ता असायचा. क्षय म्हणजे शिवडी, डोकं फिरलं की ठाणं, साथीचा ताप म्हणजे कस्तुरबा. आणि "तिला टाटाला नेलंय" एवढं एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत गेलं की पुढचं कोणी विचारत नसे. परळचं टाटा रुग्णालय १९४१च्या फेब्रुवारीत सुरू झालं. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून बस धरली तर तिथे पोचायला तासभरही लागत नाही. रोगाचं नाव उच्चारायला मात्र आम्हाला पन्नास वर्षं लागली, आणि स्तनाचं नाव उच्चारायला त्याहून जास्त. अजूनही 'छातीत गाठ' असंच म्हणतात.

यंदाच्या संक्रांतीला वाडीतल्या बायकांनी ठरवलं की हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचा डबा द्यायचा नाही, ही पुस्तिका द्यायची. मी बरीच वर्षं आरोग्याच्या पानासाठी लिहिलं, म्हणून प्रस्तावना माझ्या गळ्यात पडली. "दोन पानंच लिहा हं," असं बजावलंही. तपासणी कुठे करायची, किती वर्षांनी करायची, गाठ लागली तर आधी कोणाकडे जायचं, हे सगळं पुस्तिकेत आत आहे. मला लिहायचंय ते एका प्रश्नाबद्दल. तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा कॉलेजात होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गाठ नऊ महिने लपवली होती. ब्लाउजच्या आत रुमालाची घडी ठेवायच्या. दुखत नव्हतं, मग कशाला कोणाला सांगायचं? (दुखत नाही म्हणजे काही नाही, हा आपला लाडका समज. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाहीच.) ऑपरेशन होऊन घरी आल्यावर मी त्यांना भेटायला गेले, तर त्या उशीला टेकून तांदूळ निवडत होत्या. ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "दोघांना पाजलं, उपासतापास केले, बाहेरचं कधी खाल्लं नाही. मी काय गं केलं असं?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज थोडंफार देता येईल. पण आधी प्रश्नच जरा सोडवून घ्यायला हवा, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ बसली आहे: जोखीम आणि कारण.

चाळीचा लाकडी जिना डोळ्यांसमोर आणा. मधली एक पायरी झिजलेली, पावसाळ्यात निसरडी. दिवसातून वीस वेळा चढ-उतर करणारीची घसरण्याची शक्यता दोनदाच उतरणारीपेक्षा जास्त, हे उघड आहे. तरी वीस वेळा जाणारी जन्मभर घसरत नाही आणि वर्षातून एकदा आलेली पाहुणी पाय मोडून घेते. जोखीम मोजायची ती जिन्याची, हजार जणींची मिळून. ती हजारातल्या एकीला "तू का पडलीस" हे सांगू शकत नाही. काकू विचारत होत्या कारण, आणि शास्त्राकडे आहे तो बहुतांशी जिन्याचा हिशोब.

हा हिशोब जुना आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पदुआ विद्यापीठातले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी लिहून ठेवलं की स्तनाचा कर्करोग मठातल्या जोगिणींमध्ये जास्त दिसतो. जोगिणी म्हणजे लग्न नाही, मूल नाही, अंगावर पाजणं नाही. हे वाचलं तेव्हा मला आपल्या आलवणातल्या बायका आठवल्या. गिरगावच्या वाड्यांमध्ये घरटी एखादी तरी असायची, आठव्या-दहाव्या वर्षी विधवा झालेली, जन्मभर सोवळ्यात स्वयंपाक करणारी. हिशोबाने त्यांची जोखीम जोगिणींसारखीच असणार. पण त्यांना काय झालं, त्या कशाने गेल्या, याची नोंद ठेवावी असं कोणाला वाटलं नाही. चर्नी रोड स्टेशनासमोरच्या रस्त्याला आज ज्यांचं नाव आहे त्या कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, तेव्हा केवढा गहजब झाला होता. जिवंत बाईचं लग्न ज्यांना पचत नव्हतं, ते तिच्या छातीतली गाठ कुठून मोजणार?

मोजदाद पद्धतशीर सुरू झाली ती इंग्लंडात. जेनेट लेन-क्लेपन या डॉक्टरीणबाईंनी १९२६ साली स्तनाच्या कर्करोगाच्या ५०० रुग्ण आणि तो नसलेल्या ५०० बायका घेतल्या आणि दोन्हींकडे एकच प्रश्नावली ठेवली. लग्न कधी झालं, मुलं किती, पाजलं किती, पाळी कधी गेली. उशिरा लग्न, कमी मुलं, कमी पाजणं या गोष्टी रुग्णांमध्ये जास्त निघाल्या. त्यानंतर शंभर वर्षांत आकडे बारीक झाले, पण चित्र फारसं बदललं नाही.

या सगळ्यामागचं सूत्र एका नावात सांगता येतं: इस्ट्रोजेन. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली दाखवलं की बीजांडकोश काढले तर काही रुग्णांच्या स्तनातल्या गाठी आक्रसतात. दर पाळीच्या चक्रात हा रस वर-खाली होतो आणि त्याबरोबर स्तनातल्या पेशी दुभंगतात, नव्या होतात. जितक्या वेळा नक्कल काढाल तितकी नक्कल चुकण्याची संधी जास्त. शिवाय पहिलं बाळंतपण पुरं होईपर्यंत स्तनातल्या दुधाच्या ग्रंथी पक्क्या होत नाहीत. कच्च्या पेशींवर चुका टिकण्याचा धोका अधिक.

आता माझ्या आजीचा आणि माझ्या भाचीचा हिशोब मांडते. आजीला पंधराव्या वर्षी पाळी आली, पंचेचाळिसाव्या वर्षी गेली. मधली ३० वर्षं. त्यात सात बाळंतपणं, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ पाळी नाही. प्रत्येक मूल दीड-दोन वर्षं अंगावर, त्यातलं निदान वर्षभर पाळी बंद, म्हणजे आणखी सात वर्षं. उरली जेमतेम १८ वर्षं, साधारण २३० चक्रं. भाचीला पाळी आली बाराव्या वर्षी. पन्नाशीपर्यंत ती चालली असं धरलं तर ३८ वर्षं. एक मूल, तेही तेहेतिसाव्या वर्षी, सहा महिने पाजलं कारण रजा तेवढीच होती. वजा जाता उरतात ४७० च्या आसपास. दुपटीहून जास्त. दोघी एकाच रक्ताच्या, एकाच वाडीत वाढलेल्या.

यातून कोणी "पूर्वीचं तेच बरं होतं" असा सूर लावायच्या आत सांगते, आजीच्या सातांतली तीन मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत गेली आणि आजी स्वतः दोनदा बाळंतपणात मरता मरता वाचली. ती किंमत देऊन घेतलेलं संरक्षण कोणाला परत नको आहे. बाळंतपणानंतरची काही वर्षं जोखीम किंचित वाढते आणि मग पुढे कमी होते, हेही आता कळलं आहे. पहिलं मूल तिशीपलीकडे असेल तर ही वाढ अधिक जाणवते.

३० देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र मोजणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष: दर बाळंतपणामागे जोखीम सुमारे ७ टक्क्यांनी कमी होते, आणि त्याशिवाय एकूण दर बारा महिने अंगावर पाजण्यामागे ४.३ टक्क्यांनी. पाळी एक वर्ष लवकर आली तर साधारण ५ टक्के वाढ, एक वर्ष उशिरा गेली तर ३ टक्क्यांच्या आसपास. रोज एक पेला दारूमागे सुमारे ७ टक्के (ठाकूरद्वारच्या हळदीकुंकवात हेही आता लिहायला हरकत नाही). या टक्क्यांनी घाबरू नका. समजा शंभर जणींतल्या चौघींना हा रोग होणार होता आणि जोखीम ५ टक्क्यांनी वाढली, तर चाराचे ४.२ होतात, नऊ होत नाहीत. वर्तमानपत्रातले मथळे लिहिणाऱ्यांना हा फरक समजावता समजावता माझी निम्मी नोकरी गेली.

आपल्या शहरानेही या हिशोबात भर घातली आहे, आणि ती आमच्या दाराशीच आहे. ठाकूरद्वारला खत्तर गल्लीत पारशांचं बनाजी आतश बेहराम आहे, १८४५ साली प्रतिष्ठापना झालेलं. लहानपणी त्या भिंतीच्या कडेने शाळेत जाताना आत डोकवायला बंदी होती, म्हणून चंदनाचा वास तेवढा घ्यायचा. या पारशी बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग मुंबईतल्या इतर समाजांपेक्षा ठळकपणे जास्त आहे, हे आपल्याला कळलं ते मुंबईच्या कर्करोग नोंदणीमुळे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ साली डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी स्थापली, आणि तिनेच १९६३ साली ही नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ती देशातली पहिली.

नोंदणी म्हणजे घरबसल्या आलेले फॉर्म भरणं नव्हे. माणसं रुग्णालयारुग्णालयात जाऊन केसपेपर चाळतात, महापालिकेच्या मृत्यूच्या नोंदी ताडून बघतात, एकच बाई दोन ठिकाणी मोजली गेली नाही ना हे पाहतात. सगळ्यात कटकट पत्त्याची. राजापूरहून आलेली बाई चुलतदिराच्या खोलीवर उतरते आणि पत्ता देते ठाकूरद्वारचा. ती मुंबईची नव्हे. निदान वर्षभर इथे राहणारीच मुंबईची धरायची. या चिकाटीवर सगळे आकडे उभे आहेत.

त्या आकड्यांतून जस्सावालांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजवार तुलना केली. पारशी बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी, तंबाखूचे कर्करोग कमी, स्तनाचा जास्त. पारशी बाई शिकायची लवकर, लग्न करायची उशिरा किंवा करायचीच नाही, मुलं एक-दोन. म्हणजे लेन-क्लेपनबाईंची प्रश्नावलीच. त्या काळी आमच्या वाडीत हे 'त्यांचं' दुखणं वाटलं असतं. आज आमच्या वाडीतल्या मुली शिकतात, नोकरी करतात, तिशीनंतर लग्न करतात, एका मुलावर थांबतात. भिंतीपलीकडचा आकडा भिंतीअलीकडे यायला दोन पिढ्या पुरल्या. मुंबईच्या बायकांमध्ये आज हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची नोंदणी चालते. तिथलं प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी राहिलं आहे. तिथे बायकांना छळलं ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने. सगळ्या देशाचा अंदाज २०२२ सालासाठी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू असा आहे.

इथपर्यंत मी 'स्तनाचा कर्करोग' असं एकवचनात लिहीत आले. ते खरं नाही. एका ओळखीच्या घरी लेकीचा तपासणीचा अहवाल आला. कागदावर तीन ओळी: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. वडील पेढे आणायला जिना उतरले होते. तीन-तीनदा निगेटिव्ह म्हणजे काही नाही, असंच कोणालाही वाटेल. त्यांना जिन्यात गाठून वर आणायचं आणि समजावून सांगायचं, हे काम माझ्याकडे आलं होतं. अजून ते पायऱ्यांवर उभे राहिलेले दिसतात.

या तीन ओळी सांगतात की गाठीच्या पेशीवर कोणती कुलुपं आहेत. पहिली दोन इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची. ती असली तर रोग संप्रेरकांवर पोसला जातो आणि त्यांना रोखणाऱ्या गोळ्या चालतात. तिसरं हर-टू, त्यावर १९९८ पासून वेगळं औषध आहे. तिन्ही नसली की त्या गाठीला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. आपल्याकडच्या अभ्यासांत दर तीन-चार रुग्णांमागे एक ट्रिपल निगेटिव्ह निघते, पाश्चात्त्य देशांत सहा-आठांमागे एक.

आणि वरचा सगळा चक्रांचा हिशोब मुख्यतः पहिल्या प्रकाराचा, संप्रेरकांवर पोसणाऱ्या गाठींचा आहे. ट्रिपल निगेटिव्हच्या बाबतीत मुलं जास्त असण्याचं संरक्षण दिसत नाही. अंगावर पाजण्याचं मात्र दिसतं. हा प्रकार तरुण वयात जास्त आढळतो आणि बीआरसीए-१ या जनुकातला दोष असलेल्या बायकांच्या गाठी बहुधा याच जातीच्या असतात. बीआरसीए-२ वाल्यांच्या गाठी बहुधा संप्रेरकवाल्या. दुधाच्या ग्रंथींच्या खंडिकांमधून उगवणारा लोब्युलर म्हणून एक प्रकार आहे, तो वयस्कर बायकांत अधिक. पाळी गेल्यावर घेतलेल्या संप्रेरकांच्या गोळ्यांशी आणि दारूशी त्याचं नातं जास्त घट्ट दिसतं. हर-टूवाल्या गाठींचं ठरावीक असं काही हाती लागलेलं नाही. म्हणून "दोघांना पाजलं, मग मला कसं?" या प्रश्नाला आज पहिला उलटा प्रश्न येईल: कोणत्या प्रकारची गाठ?

वयाबद्दल एक खुलासा. "भारतात हा तरुणींनाच होतो" हे वाक्य भाषणांतून फार ऐकू येतं. आपल्या रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आसपास, पाश्चात्त्यांपेक्षा दहाएक वर्षांनी कमी, हे खरं. पण आपल्या देशात तरुण बायकाच जास्त आहेत. वाडीत साठीच्या दहा आणि चाळिशीच्या पन्नास बायका असतील, तर चाळिशीचे रुग्ण जास्त दिसणारच. दर हजारी काढलं तर साठीची जोखीम चाळिशीहून जास्तच निघते. तेव्हा साठीच्या मावशींनी "आमचं काय आता" म्हणून तपासणीच्या रांगेतून उठू नये. पुरुषांनीही हसू नये. शंभरात एखादा रुग्ण पुरुष असतो.

टाटा रुग्णालयातल्या संशोधकांनी दीड हजारांवर रुग्ण आणि जवळपास तितक्याच निरोगी बायका यांची तुलना केली. २०१६ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती शिलाईच्या मशीनच्या खणातल्या टेपने मोजता येते. कमरेचा घेर भागिले नितंबांचा घेर. हा भागाकार ०.९५ किंवा त्याहून वर गेलेल्या बायकांची जोखीम ०.८४ पर्यंत असलेल्यांच्या तिपटी-चौपटीने निघाली, पाळी चालू असलेल्यांत आणि गेलेल्यांतही, गाठीचा प्रकार कोणताही असो. एकूण वजन बेताचं असलं तरी पोट सुटलेलं असलं की पुरे. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपली खास मराठी ठेवण आरशात बघून घ्या. बसून काम, लोकलमध्ये बसायला मिळावं म्हणून उलटा प्रवास, आणि घरी आल्यावर मालिका.

बाकी काळी ब्रेसियर, डिओडरंट, ब्लाउजमध्ये ठेवलेला मोबाइल, मुलाने चावा घेतला, मार लागला: यांतल्या कशानेही कर्करोग होतो याला पुरावा नाही. मार लागल्यावर हात जातो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा सापडते, एवढंच.

लवकर सापडली तर फायदा होतो का, हेही मुंबईतच तपासून पाहिलं गेलं. टाटाने १९९८ साली सुरू केलेल्या चाचणीत मुंबईतल्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका होत्या, वय ३५ ते ६४. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करायच्या, यंत्र नाही. वीस वर्षांनंतरचा निकाल २०२१ साली आला. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशी उलटलेल्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूंत फरक पडला नाही. हे दुसरं वाक्य सहसा गाळलं जातं.

राहिला आनुवंशिकतेचा भाग. शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांच्या बाबतीतच दोष वारशाने आलेला असतो. पण ज्यांच्याकडे तो आहे त्यांची जोखीम मोठी: बीआरसीए-१ किंवा २ मध्ये दोष असेल तर ऐंशी वर्षांपर्यंत शंभरातल्या सत्तरेक जणींना स्तनाचा कर्करोग होतो. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली पहिल्या जनुकाची जागा शोधली, १९९४ आणि १९९५ साली दोन्ही जनुकं हाती आली. आपल्या घरांमध्ये मात्र यातलं एक कलम कोणाच्या लक्षातच येत नाही. हा दोष बापाकडूनही तितकाच येतो. डॉक्टरांनी विचारलं की आपण आई, मावशी, आजी सांगतो आणि थांबतो. आत्या राहते. ती दिल्या घरची, तिचं आडनाव वेगळं, तिचं दुखणं तिच्या सासरच्या हिशोबात.

म्हणून पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर वंशवृक्षाचे रिकामे चौकोन छापायला मी हट्टाने लावले, बापाकडचे आईकडच्या इतकेच. छापखान्यातून पहिली प्रत आली तेव्हा माझंच पान भरायला बसले. आईची बाजू दहा मिनिटांत झाली. बाबांच्या मोठ्या बहिणीच्या चौकोनापाशी पेन्सिल थांबली. ती मी जन्मायच्या आधी गेली. घरात कोणी कधी बोललं नाही. डोंबिवलीच्या चुलतबहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, तिला काखेत कसलीशी पुळी झाली होती म्हणतात. चाळिशीही नव्हती तिची. पोटिसं लावली, मग पुण्याच्या वैद्याचं औषध. नक्की काय ते विचारायला आता आहे कोण?"

चौकोनात मी 'काखेत पुळी, चाळिशीच्या आत' असं लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि पानाचा फोटो भाचीला पाठवला.